अस्मानीच्या नावावर सुलतानी

धरमतर खाडीला उधाण आलं, बांध फुटला, खारं पाणी भातात शिरलं, की एक वाक्य हमखास ऐकू येतं: 'भोग आहेत, दुसरं काय!' माझा राग या वाक्यावर आहे. ज्याचं शेत गेलं त्याने स्वतःला कशानेही सावरावं, त्यात आपण बोलायचं काम नाही. पण तेच वाक्य कोरड्या अंगणात उभं राहून दुसऱ्याच्या शेताबद्दल म्हटलं जातं, तेव्हा ते सांत्वन राहत नाही, निकाल होतो.

देव दयाळू, देव सर्वशक्तिमान, मग एवढं दुःख कशाला? ब्रह्मसूत्रांत (२.१.३४) हा प्रश्न सरळ आरोपासारखा येतो: जगात कुणी सुखी, कुणी दुःखी, म्हणजे ईश्वर पक्षपाती आणि निर्दय ठरतो. शंकराचार्य भाष्यात उत्तर देतात की ईश्वर पावसासारखा आहे. पाऊस सगळ्यांवर सारखाच पडतो. भात उगवणार की जव, हे बियाण्यावर. बियाणं म्हणजे ज्याचं त्याचं कर्म. मग पहिलं कर्म कुठून आलं? तर संसार अनादि आहे.

उपमा सुंदर आहे, पण पेणच्या खारपट्ट्यात ती चालत नाही. इथे दोन गावांत एकच बियाणं, एकच पाऊस. एक गाव पिकतं, दुसरं पडीक राहतं, कारण दुसऱ्याच्या बांधाला पडलेली खांड वेळेत बुजवली गेली नाही. खारं पाणी जमिनीत मुरलं की पावसाने मीठ धुऊन जाईपर्यंत भात धरत नाही. तोवर तिवरं वाढली तर ती तोडायला बंदी. यात गूढ काय आहे? खारभूमी विकासाचा कायदा १९७९ चा आहे, त्यासाठी वेगळं सरकारी खातं आहे.

मी सॉफ्टवेअर लिहितो. सर्व्हर पडला की आम्ही लॉग उघडतो. कर्मसिद्धान्त म्हणतो, लॉग आहे, पण तो वाचायची परवानगी कुणालाच नाही. असा लॉग कुठल्याही निकालाशी जुळवता येतो. श्रीमंत माणूस वाचला तर पुण्य, गरीब मेला तर पाप.

चांगल्या हेतूनेही हे नीट जमत नाही. १९३४ च्या बिहार भूकंपाला गांधीजींनी अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा म्हटलं. रवींद्रनाथ टागोर अस्पृश्यतेच्या विरोधातलेच, तरी त्यांनी जाहीर हरकत घेतली. आणि ढिगाऱ्याखाली जे अस्पृश्य गेले, त्यांची शिक्षा कसली?

मराठीत 'अस्मानी-सुलतानी' असा जोडशब्द आहे. आभाळातून आलेलं संकट वेगळं, राज्यकर्त्यांनी आणलेलं वेगळं. युरोपातले तत्त्वज्ञ ज्या भेदावर ग्रंथ लिहीत बसले, तो आपल्याकडे शेतकऱ्याच्या तोंडी होता. 'देवाची मर्जी' म्हणताना आपण सुलतानी उचलून अस्मानीच्या खात्यात टाकतो. सरकारी भाषेतला 'नैसर्गिक आपत्ती' हा शब्द पुष्कळदा हेच काम करतो, फक्त देवाचं नाव न घेता.

आपल्याच जिल्ह्यातली इर्शाळवाडी घ्या. १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली. २७ मृतदेह सापडले, ५७ माणसं बेपत्ता असताना शोध थांबवला. ही ठाकरवाडी दरडप्रवण गावांच्या यादीतच नव्हती, असं सरकारनेच सांगितलं. दोनच वर्षं आधी, जुलै २०२१ मध्ये, महाडजवळचं तळीये दरडीखाली गेलं होतं. तरीही डोंगर उतारावरच्या वाडीचं नाव यादीत यायला कमी पडलं ते काय, तिथल्या पोरांचं पूर्वजन्मीचं पुण्य?

कुणी म्हणेल, सरकारवर बोट ठेवून देवाचा प्रश्न सुटत नाही. मान्य. बांध भक्कम झाले, याद्या पूर्ण झाल्या, तरी तान्हं मूल असाध्य आजाराने जाईलच. ती खरी अस्मानी. तिच्यावर माझ्याकडे उत्तर नाही, आणि त्या आईसमोर उत्तर घेऊन जाणाऱ्याला मी दारातच अडवेन.