गड्ड्याच्या यात्रेआधी अर्ज द्या

दर पावसाळ्यात आपल्या गल्ल्यांतून एकच सोहळा होतो. खड्ड्यात बेशरमाची फांदी रोवायची, फोटो काढायचा आणि नगरसेवकाला चार शब्द सुनवायचे. राग खरा असतो, पण वेळ चुकलेली असते. महापालिकेचं आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं आणि त्याची जुळवाजुळव आधीच्या हिवाळ्यातच होते. सोलापुरात होम मैदानावर गड्ड्याची यात्रा भरते, त्या सुमारास पुढच्या वर्षाचे आकडे मांडायला घेतलेले असतात. जुलैत ओरडलं की हाती लागतो तो घमेलाभर मुरूम. म्हणून आपला अर्ज दिवाळीच्या आसपास झोन ऑफिसात पोचलेला हवा, आणि त्याच्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का हवा.

अर्जाआधी एक प्रश्न विचारा: रस्ता कोणाचा? मोठ्या रस्त्याचा एखादा तुकडा महापालिकेचा, पुढचा बांधकाम खात्याचा किंवा महामार्गाचा असू शकतो. १९९२ च्या हद्दवाढीत शहरात आलेल्या भागांत तर गुंठेवारी आणि खासगी लेआउट भरपूर. तिथला रस्ता कागदोपत्री महापालिकेच्या ताब्यात आलेला नसेल, तर इंजिनिअरला एस्टिमेट करता येत नाही. मग तुम्ही वर्षानुवर्षं चुकीच्या दारावर थापा मारत बसता. आधी लेआउटचा नकाशा बघायला मागा.

आता मुख्य गोष्ट. सोलापुरात पाऊस तसा बेताचाच. तरी रस्ते फुटतात, कारण खाली काळी माती. ती उन्हाळ्यात भेगाळते, ओल लागली की फुगते. त्यात गळकी पाइपलाइन किंवा तुंबलेलं ड्रेनेज असेल तर वर कितीही चांगलं काँक्रीट ओता, ते खचणारच. खचलं नाही, तर सहा महिन्यांत कोणीतरी नळजोडणीसाठी फोडणारच. मागावर बसलेल्या माणसाला हे समजावायला नको. ताणा पुरा भरल्याशिवाय बाणा टाकतो का कोणी? तेव्हा ‘रस्ता करून द्या’ एवढंच लिहू नका. आधी ड्रेनेज, मग पाण्याची लाइन, मग रस्ता, असा क्रम लिहा आणि ‘या गल्लीत आता खोदकाम बाकी नाही’ असं संबंधित दोन्ही खात्यांकडून लेखी घ्यायला सांगा. या एका कागदाने जेवढे पैसे वाचतील, तेवढे दहा मोर्च्यांनी मिळणार नाहीत.

पैसा कुठून येतो? महापालिकेच्या स्वतःच्या अंदाजपत्रकातून, आमदारांच्या स्थानिक विकास निधीतून (वर्षाला ५ कोटी, पण तो अख्ख्या मतदारसंघासाठी), जिल्हा नियोजन समितीकडून येणाऱ्या नगरोत्थान योजनेच्या निधीतून. प्रभागात चार-चार नगरसेवक असले की प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. म्हणून चौघांनाही एकच मजकूर, एकाच दिवशी द्या. आणि हो, एकच गल्ली दोन निधींत दाखवली जात नाही ना, यावरही डोळा ठेवा.

गल्लीत वर्गणी काढून स्वतःच काँक्रीट टाकायचा मोह होतो. माझं मत विचाराल तर, टाकू नका. ना एस्टिमेट, ना ठेकेदारावर दोषदायित्वाची मुदत. फुटलं तर तुमचंच. शिवाय सार्वजनिक रस्ते राखणं हे कायद्याने महापालिकेचं बंधनकारक काम आहे आणि त्यासाठी आपण घरपट्टी भरतो. भरत नसाल, तर आधी ती भरून या.

पुण्यात २००६-०७ च्या अंदाजपत्रकापासून नागरिकांकडून छोट्या कामांच्या सूचना अर्जावर मागवायची पद्धत सुरू झाली. ब्राझीलच्या पोर्तो आलेग्रे शहराने १९८९ मध्ये याची वाट पाडली होती. पुण्यातही सुचवलेलं सगळंच होतं असं नाही, पण मागण्याला एक खिडकी तरी आहे. आपल्याकडेही ती मागायला हरकत काय?

काम मंजूर झालं की गल्लीतल्या दोघा-तिघांनी मोजमापाची जबाबदारी घ्यावी. हिशेब सोपा आहे. १०० मीटर लांब, ४ मीटर रुंद, १५ सेंटीमीटर जाड रस्त्याला ६० घनमीटर काँक्रीट लागतं. मिक्सर गाडीत साधारण ६ घनमीटर मावतं, म्हणजे दहा गाड्या आल्या पाहिजेत. सातच आल्या तर तिथल्या तिथे विचारा. एस्टिमेट आणि मोजमाप पुस्तकाची प्रत माहिती अधिकारात मागता येते. अर्जाचं शुल्क १० रुपये.

काँक्रीट पडल्यावर निदान आठवडाभर, जमल्यास चौदा दिवस, ते ओलं राहायला हवं. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, ही सबब ठेकेदार हमखास सांगतो. टँकर कोण आणणार, हे काम सुरू व्हायच्या आधीच ठरवून घ्या. आणि पहिल्या रात्री गल्लीच्या तोंडाशी एक बाकडं आडवं टाका, नाहीतर सकाळी ओल्या काँक्रीटवर एखाद्या बुलेटची चाकोरी उमटलेली दिसेल.