डोक्यातली चिठ्ठी

दर साली फेब्रुवारीत बारावीचा इंग्रजीचा पेपर होतो, आणि त्या दिवशी आमच्या भागातली बहुतेक मुले खोटे लिहितात. ती कॉपी करतात असे मी म्हणत नाही; कॉपीचा समाचार पुढे घेऊच. ही मुले मोठ्या प्रामाणिकपणे खोटे लिहितात. मास्तरांनी सांगितलेले, आईबापांनी पैसे मोजून विकत घेतलेले आणि वर गुण मिळवून देणारे खोटे. ज्याच्या घरी लग्नपत्रिकेखेरीज छापील कागद येत नाही तो वाचनाच्या आनंदावर इंग्रजीतून भाषण ठोकतो. जिने पहाटे उठून चार हंडे पाणी वाहिलेले असते ती पोरगी पाणी वाचवण्याचे आवाहन लिहिताना लोकांना सांगते, बाबांनो, शॉवरखाली न्हाऊ नका, बादली घ्या! तिने शॉवर पाहिलेला नाही. पण गाइडात शॉवर आहे, म्हणून उत्तरपत्रिकेत शॉवर आहे.

मी नरसी नामदेवचा. कयाधू नदीच्या काठचे, नामदेवमहाराजांच्या नावाने ओळखले जाणारे हे गाव हिंगोली जिल्ह्यात आहे. माझी विद्या मॅट्रिकपर्यंतची; पोटासाठी मास्तरकी आणि त्याहून मोठ्या भुकेसाठी कादंबरीलेखन, असा माझा संसार. ‘पदवी नसलेल्या माणसाने बारावीच्या इंग्रजीवर बोलावे काय?’ असे कोणी विद्वान विचारतील. त्यांना एवढेच सांगतो, की दिवेलागणीनंतर बारावीची मुले वह्या घेऊन माझ्याच ओसरीवर येऊन बसतात, विद्वानांच्या नाही. ती काय लिहितात आणि का लिहितात, हे मला जवळून दिसते.

आता हा पेपर असतो कसा, ते ज्यांच्या घरी बारावीचे पोर नाही त्यांच्यासाठी सांगतो. २०२० साली जे ‘युवकभारती’ पुस्तक आले, त्याप्रमाणे लेखी परीक्षा ८० गुणांची आणि तोंडी २० गुणांची. लेखीतले १६ गुण लेखनकौशल्याला. जुन्या पद्धतीचा लांबलचक निबंध गेला. त्याच्या जागी भाषण, कल्पनाविस्तार, आवाहन, मुलाखतीचे प्रश्न, एखाद्या मताची उलटी बाजू, असे चार-चार गुणांचे तुकडे आले. ज्यांनी हा बदल केला त्यांचा हेतू चांगलाच होता. घोकलेला निबंध चालू नये, मुलाने स्वतःचे डोके चालवावे, असेच त्यांच्या मनात असणार. पण आमचे गाइडवाले काही झोपलेले नव्हते! निबंधाचा एक साचा होता, त्याऐवजी त्यांनी दहा साचे पाडले. भाषण कुठलेही असो, सुरुवातीचे नमस्कार ठरलेले, शेवटचे आभार ठरलेले, मध्ये फक्त विषयाचे नाव बसवायचे. विषय वृक्षारोपणाचा असो की वक्तशीरपणाचा, तेच भाषण, तोच उत्साह. रंगाऱ्याने दहा दुकानांच्या पाट्या एकाच कागदी साच्याने रंगवाव्यात, तसे हे काम चालते.

निबंधावरचा एक जुना विनोद सर्वांना ठाऊक आहे. पोराने गाईवर निबंध पाठ केला होता, परीक्षेत आला नदीवर. त्याने दोन ओळींत नदी आटोपली, तिच्या काठी गाय चरायला नेली आणि पुढे पानभर गाईचे वर्णन केले. आपण हसतो. मी म्हणतो, त्या पोराला पैकीच्या पैकी गुण द्यायला हवे होते. निदान गाय नदीवर नेण्याचे वाक्य तरी त्याने स्वतः रचले! आजच्या पोराला तेही करावे लागत नाही. गाइडात गाय आहे, नदी आहे, आणि दोघींना जोडणारे वाक्यही तयार आहे.

ह्याच पेपरात आणखी १६ गुण कादंबरीला आहेत, आणि तिथे तर कादंबरीकार म्हणून माझ्या जिवाची लाही होते. नेमलेल्या कादंबऱ्यांत ई. आर. ब्रेथवेट यांची ‘टू सर, विथ लव्ह’ आहे. १९५९ साली प्रसिद्ध झालेले हे पुस्तक. गयानात जन्मलेला एक काळा माणूस, महायुद्धात विमानदलात राहिलेला, लंडनच्या गरीब वस्तीतल्या शाळेत नाइलाजाने मास्तर होतो, त्याची ही हकीकत. त्या शाळेत एक वहिवाट होती. दर आठवड्याला प्रत्येक मुलाने त्या आठवड्याचा आढावा लिहायचा. शाळेविषयी, मास्तरांविषयी, जे मनात असेल ते लिहायचे, आणि त्याबद्दल कोणी रागवायचे नाही. आपल्याविषयी मुलांनी काय लिहिले हे वाचायला तो नवा मास्तर मोठ्या उत्सुकतेने बसतो. मुलांनी स्वतःचे लिहावे आणि मोठ्यांनी ते मुकाट वाचावे, ही ज्या पुस्तकातली एक मोठी गोष्ट, त्या पुस्तकावरची उत्तरे आमची मुले गाइडातून घोकतात! नायकाचा स्वभाव : सहनशील, दयाळू, कष्टाळू. पुस्तक कोणी उघडलेले नाही. एका मुलाला मी विचारले, ‘बाबा रे, हा मास्तर तुला आवडला का?’ तो बराच वेळ विचार करून म्हणाला, ‘सर, हा प्रश्न अपेक्षितमध्ये नाही.’

आता कॉपीकडे येतो. मराठवाड्याची ह्या बाबतीत पुष्कळ बदनामी झाली आहे, आणि ती सगळीच अन्यायाची होती असे म्हणायला जीभ धजत नाही. २०१० साली शेजारच्या नांदेड जिल्ह्यात जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी कॉपीमुक्तीची मोहीम चालवली तेव्हा महाराष्ट्रभर तिचा गाजावाजा झाला, आणि तो योग्यच होता. पण माझा एक अडाणी प्रश्न आहे. एका मुलाने गाइडाचे पान फाडून मोज्यात लपवले. दुसऱ्याने तेच पान महिनाभर घोकून डोक्यात लपवले. दोघांनी उत्तरपत्रिकेत उतरवले ते एकच, स्वल्पविरामासकट. पहिल्याला भरारी पथक धरते. दुसऱ्याचे छायाचित्र गावच्या फलकावर हारासकट लागते. दुसऱ्याने कष्ट केले हे मी मान्य करतो. पण कष्ट केले ते कशाचे? ओझे वाहण्याचे. गणितात पाढे पाठ असावेत, व्याकरणात क्रियापदांची रूपे पाठ असावीत, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पाठांतराला नावे ठेवणाऱ्या नव्या फॅशनचा मी नव्हे. पण ‘तुझे मत लिही’ ह्या प्रश्नाचे उत्तर ज्याने पाठ केले आहे, त्याने चिठ्ठीच आणली आहे, आणि ती डोक्यातली असल्यामुळे परीक्षा संपल्यावर फेकूनही देता येत नाही. ती तिथेच राहते आणि सांगत राहते, की इंग्रजीत आपले काही बोलायचे नसते.

इथे माझे सहकारी मला अडवतात, आणि त्यांचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. ते म्हणतात, ‘तुम्ही कादंबऱ्या लिहा, आम्हांला पोरे पास करू द्या. पस्तीस गुणांचा प्रश्न आहे. मुलगी इंग्रजीत नापास झाली की घरचे दुसऱ्यांदा फॉर्म भरत नाहीत, स्थळे पाहतात. साचा पाठ करून ती सुटत असेल तर तुमचे सत्य घेऊन तिने काय चाटायचे आहे?’ हे खरे आहे. इंग्रजीच्या एका विषयापायी अंगणात उभ्या राहिलेल्या मांडवात मीही जेवलो आहे, आणि तो घास गिळवला नाही. तेव्हा ज्या पोरीचा पाय बुडत्या नावेत आहे तिला मी पोहण्याचे शास्त्र सांगत नाही. हाती लागेल तो साचा धर, असेच सांगतो. पण आमच्या राज्यात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकवले जाते. त्या साली पहिलीत गेलेली मुले २०१२ साली बारावीला बसली, आणि त्यानंतर दर वर्षी एक तुकडी बाहेर पडते आहे. बारा वर्षे! बारा वर्षांत नाव बुडतीच राहत असेल तर नावाड्याला काही विचारायचे की नाही? आणि पास झालेल्या मुलीचे पुढे काय होते? नर्सिंगच्या, बँकेच्या, कसल्याही मुलाखतीत साहेब विचारतात, ‘स्वतःविषयी दोन वाक्ये सांगा.’ स्वतःविषयीची दोन वाक्ये कुठल्याच गाइडात नसतात. तिथून मुकाट परत आलेली मुले मी पाहिली आहेत. घरी सांगतात, पोस्ट आधीच भरलेली होती.

आमच्याकडे परीक्षेचा हंगाम आणि हळदीचा हंगाम एकच. वसमतच्या आणि हिंगोलीच्या बाजारात पुढे पोती रचली जातात, त्याआधी शेतात काढणी असते, शिजवणे असते, वाळवणे असते, आणि त्यात घरातले प्रत्येक माणूस लागते, बारावीचे पोरसुद्धा. मागच्या एका वर्षी मी ओसरीवरच्या मुलांना सांगितले, ‘गाइडे मिटा. काल घरी काय झाले ते इंग्रजीत लिहा. चुका मोजणार नाही.’ अर्धा तास कोणी पेन उचलीना. एक जण म्हणाला, ‘सर, घरचे इंग्रजीत कसे लिहायचे? ते तर मराठीत झाले!’ शेवटी तांड्यावरच्या एका मुलीने वही पुढे केली. ही पोर घरी गोरमाटी बोलते, शाळेत मराठी, परीक्षेत इंग्रजी. तिने लिहिले होते, ‘माय फादर बॉइल टर्मरिक. स्मोक गो इन आय. आय क्राय. मदर से, डोन्ट क्राय, धिस इयर रेट इज गुड.’ क्रियापदांना शेपटे नाहीत, काळाचा पत्ता नाही. परीक्षकाची लाल शाई पुरली नसती. पण तो धूर माझ्या डोळ्यांत गेला. तिने घोकलेल्या साऱ्या भाषणांत एकदाही कोणाच्या डोळ्यांत काही गेले नव्हते. क्रियापदांचे शेपटे मी तिला आठ दिवसांत लावून दिले. ते लावता येतात. धूर कुठून आणणार?

परक्या भाषेत आपले बोलायचे नसते, हा समज मराठवाड्यात जुना आहे. निजामाच्या राज्यात दरबाराची, कचेरीची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू. १९१८ साली हैदराबादेत निघालेले उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचे. आमच्या आजोबांच्या पिढीने घरी मराठी ठेवली आणि शाळेत दुसऱ्याचे शब्द म्हणून दाखवले. १९४८ साली निजामी गेली, सक्तीची भाषा बदलली. म्हणून दाखवण्याची सवय मात्र वारसाहक्काने नातवंडांकडे आली.

पण दुसरा वारसाही आमचाच आहे, तो आम्ही विसरलो. ह्याच नरसीचे नामदेवमहाराज पंजाबात गेले, घुमानला राहिले, आणि तिकडच्या लोकांशी तिकडच्या बोलीत बोलले. त्यांची ६१ पदे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत. २०१५ साली ८८वे मराठी साहित्य संमेलन घुमानला भरले तेव्हा आम्हां नरसीकरांची छाती फुगली होती. एखाद्या हिंदी पंडिताची पदे पाठ करून महाराजांनी तिकडे म्हणून दाखवली असती, तर संमेलन घुमानला कशाला गेले असते? भाषा त्यांनी तिथली घेतली, बोलणे आपले ठेवले. आणि निबंधाचेच म्हणाल, तर विष्णुशास्त्री चिपळूणकर हेही सरकारी शाळेतले मास्तरच. इंग्रजी ग्रंथकार त्यांनी मन लावून वाचले आणि १८७४ साली ‘निबंधमाला’ काढून तिचे ८४ अंक लिहिले. इंग्रजांकडून त्यांनी रीत घेतली. मते घेतली नाहीत. ती कोणी पचवावीत, कोणाला न पचावीत, पण होती त्यांची स्वतःची. फ्रान्समधल्या माँतेनने १५८० साली आपल्या लेखांना जे नाव दिले, ज्यावरून इंग्रजांचा ‘एसे’ आला, त्याचा मूळ अर्थच मुळी ‘प्रयत्न’ असा आहे. आमच्याकडे प्रयत्न सोडून बाकी सारे उरले.

मंडळाला माझे एक मागणे आहे. १६ गुणांपैकी चारच गुण असे ठेवा, की प्रश्न मुलाच्या गावाबद्दल, घराबद्दल, कामाबद्दल असेल, आणि त्यात परीक्षकाने व्याकरणाच्या चुकांना हात लावायचा नाही. मजकूर खरा वाटतो की उसना, एवढेच पाहायचे. ‘खरे-खोटे परीक्षकाला कसे कळणार?’ असे विचारू नका. शॉवर आणि धूर ह्यांतला फरक अंधारातही कळतो. मास्तरमंडळींना सांगणे असे, की साठ मुलांच्या वर्गात साठ वह्या रोज तपासता येत नाहीत हे मला ठाऊक आहे; दहा तपासा, पण त्या वाचा. आणि आईबापांनो, हा अंक तुम्ही फराळाच्या ताटाशेजारी ठेवून वाचत असाल. तुमचे पोर आता सुट्टीत घरी आहे, आणि ‘दिवाली इज द फेस्टिव्हल ऑफ लाइट्स’ हे वाक्य त्याला पहिल्यापासून पाठ आहे. त्याला म्हणा, ते राहू दे. यंदा आपल्याकडे करंज्या कोणी केल्या, किती फुटल्या, सोयाबीनचे पैसे आले की नाही आणि कपडे कोणाला घेतले नाहीत, ते दहा वाक्यांत इंग्रजीत लिही. तुम्हांला इंग्रजी येत नसेल तर त्याच्याकडूनच अर्थ सांगून घ्या. अर्थ सांगताना ते अडखळले नाही, तर वाक्ये त्याची आहेत असे समजा.

माझ्या ओसरीवरच्या मुलांना मी हेच दिले आहे. सुट्टी संपल्यावर बावीस वह्या येतील. दोघांनी आत्ताच विचारून घेतले आहे, की कपड्यांचे खरे लिहिले तर चालेल का.