पनीर माफ, दह्याला कर

डेअरीवाल्याने पातेल्यातून काढून दिलेल्या दह्यावर जीएसटी नाही. तेच दही वजन छापलेल्या सीलबंद डब्यात आले की पाच टक्के. २२ सप्टेंबर २०२५ पासून पाकीटबंद पनीर करमुक्त झाले; पाकीटबंद दही, ताक आणि लस्सीवरचा कर मात्र कायम राहिला. सामान्य माणसाच्या जेवणात ताक आधी येते की पनीर, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. पनीर बहुतांशी लघुउद्योगात बनते, असे सरकारचे समर्थन. मग दही काय फक्त बड्या कारखान्यांतच विरजते?

गरजेच्या वस्तूंवर कर नको, हे तत्त्व कुठल्याही सरकारला मान्य असते. घोडे अडते ते यादीपाशी. व्हॅटच्या काळात महाराष्ट्राच्या अर्थसंकल्पात गहू, तांदूळ, डाळी, हळद, मिरची, चिंच, गूळ यांच्या करमाफीला मुदतवाढ मिळत असे. त्याच यादीत पापड, ओला खजूर आणि सोलापुरी चादरी-टॉवेलही असत. चादर जीवनावश्यक कशी, असे कोणी विचारले नाही, कारण त्यामागचे यंत्रमाग सगळ्यांना ठाऊक होते. यादीत गरजेइतकाच रोजगाराचा आणि मतदारसंघांचा विचार असे. तरी ती करणारा अर्थमंत्री विधिमंडळात समोर बसलेला असे, त्याला जाब विचारता येई.

२०१७ पासून हा निर्णय जीएसटी परिषदेत होतो. मतांत केंद्राचे वजन एक तृतीयांश, सर्व राज्यांचे मिळून दोन तृतीयांश आणि मंजुरीला हवे तीन चतुर्थांश. म्हणजे केंद्राच्या मनात नसेल तर काही होत नाही. त्याआधीची छाननी अधिकाऱ्यांच्या फिटमेंट समितीत, बंद दाराआड. पहिल्याच यादीत कुंकू, टिकली, बांगड्या करमुक्त होत्या आणि सॅनिटरी नॅपकिनवर १२ टक्के कर होता. वर्षभर ओरड झाली, तेव्हा जुलै २०१८ मध्ये तो रद्द झाला.

नॅपकिनवरचा कर राखताना सरकारने मांडलेला एक मुद्दा मात्र खरा होता. करमाफ मालाच्या उत्पादकाला कच्च्या मालावर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही; तो कर किमतीत मुरतो आणि परदेशी माल मात्र साफ सुटतो. म्हणूनच २०२५ मध्ये वह्या करमुक्त करताना वह्यांचा कागदही करमुक्त करावा लागला. तोच कागद पाठ्यपुस्तकासाठी घेतला तर १८ टक्के. आता कागदाच्या गठ्ठ्याकडे पाहून त्याची वही होणार की पुस्तक, हे निरीक्षकाने ओळखायचे!

सगळ्यात विचित्र आहे ती पंचवीस किलोंची अट. पूर्वी फक्त नोंदणीकृत ब्रँडच्या धान्यावर पाच टक्के कर होता. तो चुकवण्यासाठी ब्रँडवरचा हक्क सोडून दिला जातो, ही तक्रार रास्त होती. त्यावर जून २०२२ मध्ये चंदिगडच्या बैठकीत तोडगा निघाला आणि १८ जुलैपासून पंचवीस किलोपर्यंतच्या प्रत्येक छापील पाकिटावर कर लागला. सुटे धान्य आणि पंचवीस किलोंवरचे पोते माफ. गिरण्यांनी लगेच २६ किलोंची पोती भरायला सुरुवात केली. ज्याच्याकडे वर्षाचे धान्य भरायला पैसा आणि घरात जागा आहे, त्याला कर नाही. आठवड्याच्या पगारातून पाच किलोंची पिशवी नेणाऱ्याला आहे. सुटे घ्या, असे त्याला सांगणे सोपे; पण भेसळीच्या भीतीने पाकीटबंद अन्नच घ्या, हा उपदेशही सरकारच करते.

पाकीटबंद धान्य आणि दही करमुक्त केले, तर वजावटीची अडचण फारशी येत नाही. शेतातले धान्य आणि कच्चे दूध मुळातच करमुक्त असल्याने पाकिटाच्या प्लॅस्टिकवरचा कर तेवढा अंगावर पडेल. महसूल थोडा कमी होईल हे खरे, पण तो भरून काढायला चैनीच्या वस्तू आहेत.

महाराष्ट्राच्या अर्थमंत्र्यांनी परिषदेच्या पुढच्या बैठकीत दोन मागण्या कराव्यात. पंचवीस किलोंची अट काढून पाकीटबंद डाळ, तांदूळ, पीठ, दही आणि ताक करमुक्त करावे. आणि कोणती वस्तू का वगळली, कोणती का घेतली, याची फिटमेंट समितीची कारणे निर्णयाच्या दिवशीच जनतेसमोर ठेवावीत.