दुधाची तपासणी होते, रबराची का नाही?

आमच्या जिल्ह्यातील दूध उत्पादकाला फॅट आणि एसएनएफ हे शब्द घरच्या माणसांच्या नावांइतके पाठ आहेत. ३.५ आणि ८.५ या आकड्यांच्या खाली दूध पॉइंटभर उतरले की भाव कापला जातो. तेथे दाद नाही, अपील नाही. पुणतांब्याच्या शेतकऱ्यांनी २०१७ च्या जूनमध्ये संप पुकारला आणि दूध रस्त्यावर ओतले गेले, तेव्हा शहरी सज्जनांना त्या दुधाची केवढी हळहळ वाटली होती! परंतु हेच दूध मिल्किंग मशीनच्या ज्या रबरी लायनरमधून किटलीत येते, त्या रबरात कोणती रसायने शिल्लक आहेत, हे कोणी पाहते काय?

‘सर, हे प्रयोगशाळेचे काम, चळवळीचे नव्हे,’ असे एका तरुण साथीने मला ऐकवले. मला ते मान्य नाही.

रबर म्हणजे निव्वळ झाडाचा चीक नव्हे. त्यात गंधक आणि वेगवर्धक रसायने मिसळून ते तापवावे लागते. काही वेगवर्धकांपासून अमाइने सुटतात आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांशी त्यांचा संयोग होऊन नायट्रोसअमाइने बनतात. त्यांपैकी अनेकांनी प्राण्यांत कर्करोग होतो, हे सिद्ध आहे. ही द्रव्ये पक्क्या मालात उरतात आणि तेथून बाहेर झिरपतात. म्हणूनच युरोपीय समुदायाने १९९३ साली बाळाच्या बाटलीच्या रबरी निपलसाठी किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमची मर्यादा घातली. निपल कृत्रिम लाळेत ४० अंशांवर चोवीस तास ठेवायचे आणि काय उतरले ते मोजायचे, अशी ती रीत. रीत माहीत आहे, यंत्रे उपलब्ध आहेत. नाही ती इच्छा. आपल्याकडील २०१८ च्या अन्न-पॅकेजिंग नियमांत कागद, काच, धातू व प्लॅस्टिक यांचा स्वतंत्र विचार आहे, रबराचा नाही. आणि गोठ्यातले यंत्र तर पॅकेजिंगच नव्हे!

आता हिशेब पाहा. रबरी लायनर सुमारे २५०० दोहनांनंतर बदलावे, असा सर्वसाधारण सल्ला असतो. दहा गाई, एक यंत्र, दोन वेळा धारा: दिवसाला वीस दोहने, म्हणजे सव्वाशे दिवसांत लायनर संपले. स्निग्धांश शोषून रबर फुगते, भेगाळते. पण दुधाला भावच नसेल तर शेतकरी ते फाटेपर्यंत वापरणार, आणि नवे घेताना सर्वांत स्वस्त, बिननावाचे घेणार. त्याला अडाणी म्हणणे सोपे आहे. के. विल्यम कॅप या अर्थशास्त्रज्ञाने १९५० सालच्या ग्रंथात खाजगी उद्योगाचा ‘सामाजिक खर्च’ मांडला, तो हाच: नफा कारखानदाराच्या वहीत, रोग इतरांच्या शरीरात.

त्या शरीरांत पहिले शरीर रबर कामगाराचे. ब्रिटनमध्ये नोनॉक्स एस हे रबरातील रसायन मूत्राशयाच्या कर्करोगामुळे १९४९ साली मागे घेतले गेले. कामगारांच्या भरपाईवर वरिष्ठ न्यायालयाचा निकाल लागायला १९७२ उजाडले. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८२ मध्येच रबर उद्योगातील काम आणि कर्करोग यांचा संबंध नोंदविला. मालाची तपासणी मागणारा ग्राहक आणि भट्टीजवळचा धूर गिळणारा कामगार यांचा शत्रू एकच आहे, हे माझ्या तरुण साथीने ध्यानात घ्यावे.

‘तपासणी लादली तर लहान कारखाने बुडतील,’ असा कांगावा होईल. तो खर्च लहान कारखान्यावर टाकाच कशाला? लष्करी वाहने कसून तपासणारी व्हीआरडीई नगरलाच आहे; राहुरीला कृषी विद्यापीठ आहे. तेथे सार्वजनिक प्रयोगशाळा उभारावी, खर्च रसायने विकणाऱ्या बड्या कंपन्यांवरील अधिभारातून यावा, प्रत्येक लायनरवर उत्पादकाचे नाव आणि महिना छापणे सक्तीचे व्हावे. आणि दोष आढळल्यास दंड विकणाऱ्याला. दूध घालणाऱ्याच्या बिलातून एक पैसाही कापता कामा नये, हे कलम मसुद्यात पहिल्या दिवसापासून असले पाहिजे.