ताईचं ऑपरेशन आणि आम्ही बोललेलं खोटं



पोस्ट मोठी आहे. विषय असा आहे की काही जण अर्ध्यात सोडतील, काही जण हसण्याचं चिन्ह टाकून पुढं जातील. हरकत नाही. पण जमलं तर पूर्ण वाचा आणि घरातल्या बायकांनाही वाचायला द्या. नगरपालिका, रस्ते, पीकविमा यावर मी नेहमीच लिहितो, आज घरातलं लिहितोय. ताईनं, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीनं, हा मजकूर आधी वाचलाय. दोन ओळी खोडल्या आणि म्हणाली, "टाक आता. माझ्यासारखी एखादी वाचेल."

दोन वर्षांपूर्वी ताईचं पुण्यात ऑपरेशन झालं. स्तनांचा आकार कमी करण्याचं. डॉक्टर त्याला ब्रेस्ट रिडक्शन म्हणतात. गावात आम्ही सांगितलं, "पाठीत गाठ होती, काढली." हे खोटं माझंच. बातमीदार माणूस मी, मथळा पटकन सुचतो. दाजींनी मान हलवली, आईनं पाहुण्यारावळ्यांना तेच सांगितलं.

नवव्या दिवशी नळाला पाणी आलं. आमच्याकडे चौथ्या दिवशी येतं, तेही पहाटे. आदल्याच दिवशी शेजारच्या एक काकू बोलून गेल्या होत्या, "एवढीशी गाठ काढली तर किती दिवस पडून राहायचं?" ताईच्या मनाला ते लागलं. ती उठली, दोन हंडे भरले, उचलून ओट्यावर ठेवले. संध्याकाळी ड्रेसिंग ओलं झालं. उजव्या बाजूला, खाली जिथं टाक्यांच्या दोन रेषा मिळतात, तिथली जखम उघडली होती. ती भरायला पुढं दोन महिने लागले. एक दिवसाआड ड्रेसिंग आणि दर वेळी तिच्या डोळ्यांत पाणी.

डॉक्टरांनी सरळ सांगितलं की ती जागा नाजूकच असते, पूर्ण विश्रांती घेऊनही काहींची तिथं जखम रेंगाळते. पण ताईनं विश्रांती घेतलीच नव्हती. आणि ती का घेतली नाही, तर काकूंना खरं माहीत नव्हतं म्हणून.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. हे ऑपरेशन करायचं की नाही, हे ज्या त्या बाईनं ठरवावं. पण करायचं ठरलं तर निदान घरात आणि दोन जवळच्या माणसांत त्याचं खरं नाव घ्या. गावभर दवंडी पिटायची गरज नाही. पण जे लपवून ठेवलं त्याला विश्रांती मिळत नाही, कागदावर नोंद मिळत नाही आणि धड माहितीही मिळत नाही.

मुळात हे दुखणं आहे का? पुरुषमंडळींना हा प्रश्न पडणार, मलाही पडला होता. ताईला वीस वर्षं मान, खांदे आणि पाठीचा त्रास. ब्राच्या पट्ट्यांनी खांद्यावर खाचा पडलेल्या. उन्हाळ्यात स्तनांखालच्या घडीत घाम साचून पुरळ, कधी बुरशी, कधी रक्त येईपर्यंत खाज. तिनं किती मलमं लावली आणि किती दुखण्याच्या गोळ्या खाल्ल्या, हिशेब नाही. ज्या डॉक्टरकडं जावं तो म्हणायचा, "वजन कमी करा." तिनं तेही केलं. पण स्तनात चरबी असते तशा दुधाच्या ग्रंथीही असतात, आणि त्यांचं प्रमाण प्रत्येकीचं वेगळं. वजन उतरलं म्हणून तिथला भार उतरेलच असं नाही.

टेनिस बघणाऱ्यांना सिमोना हालेप माहीत असेल. रुमानियाच्या या खेळाडूनं २००९ मध्ये, वयाच्या १७ व्या वर्षी हे ऑपरेशन करून घेतलं, कारण पाठ दुखायची आणि हालचाल मंदावायची. पुढं ती जगात पहिल्या क्रमांकावर गेली, २०१८ ची फ्रेंच ओपन आणि २०१९ चं विम्बल्डन जिंकली. तिनं ते लपवलं नाही. आपल्याकडं पीटीच्या तासाला पोटात दुखतंय म्हणून वर्गात बसून राहणारी एखादी मुलगी असते. दर वेळी पोटच दुखत असतं असं नाही.

आता कामाचं. ताईसोबत फिरताना डॉक्टरांकडून जे समजलं ते लिहितोय. मी डॉक्टर नाही, निर्णय तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या.

ऑपरेशन पूर्ण भूल देऊन होतं, साधारण दोन ते चार तास लागतात. जादाची चरबी, ग्रंथी आणि कातडी काढतात, उरलेल्या स्तनाला आकार देतात आणि स्तनाग्र वरच्या जागी बसवतात. बहुतेक वेळा स्तनाग्र त्याच्या रक्तवाहिन्यांसकट जोडलेलंच ठेवतात. आकार फारच मोठा असेल तर कधी ते सुटं करून पुन्हा लावावं लागतं, मग तिथली संवेदना आणि दूध पाजणं दोन्ही जातं. आपल्या बाबतीत यातलं काय होणार, हे आधीच विचारायचं.

व्रण राहतात. स्तनाग्राभोवती गोल, तिथून खाली सरळ आणि बऱ्याचदा खालच्या घडीत आडवा, नांगराच्या आकारासारखा. सुरुवातीला लाल आणि कडक दिसतात, फिकट व्हायला वर्षभर लागतं. ज्यांच्या कातडीला जाड, फुगीर व्रण येण्याची सवय आहे त्यांनी ते आधी सांगावं.

दूध पाजण्याबद्दल कुणी छातीठोक सांगत असेल तर सावध व्हा. काहींना नंतर पाजता येतं, काहींना थोडंच, काहींना अजिबात नाही. मूल व्हायचं असेल तर त्याचा विचार आधी करा. बाळंतपण आणि वजनातल्या चढउतारानं आकार पुन्हा बदलू शकतो, म्हणून काही जणी मुलं झाल्यावर करून घेतात. स्तनाग्राची संवेदना काही काळ किंवा कायमची कमी होऊ शकते. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या होतीलच असं नाही. रक्त साचणं, जंतुसंसर्ग, जखम उशिरा भरणं हे धोके असतात. स्तनाग्राचा रक्तपुरवठा तुटून ते खराब होणं हा धोका क्वचित असतो, पण असतो.

इथं एक गोष्ट ठळक सांगतो, ती म्हणजे मिशरी. डॉक्टरांनी विचारलं, "तंबाखू?" ताई म्हणाली, "नाही." मी शेजारी बसलेलो. रोज सकाळ-संध्याकाळ ती मिशरी लावते हे मला माहीत होतं, पण ना तिच्या डोक्यात आलं ना माझ्या. आपल्याकडं मिशरीला तंबाखू समजतच नाहीत, दात घासायची सवय समजतात. मिशरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. निकोटिननं बारीक रक्तवाहिन्या आवळतात आणि जखमेला रक्त कमी पोचतं. साधारण चार आठवडे आधीपासून आणि जखमा भरेपर्यंत सगळी तंबाखू बंद ठेवायला सांगतात. तिसऱ्या भेटीत नर्सबाईंनी दात बघून विचारलं तेव्हा खरं बाहेर आलं आणि तारीख महिनाभर पुढं गेली. बरं झालं गेली.

मधुमेह, रक्तदाब, आधीची ऑपरेशनं, ॲस्पिरिनसारख्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, वैद्यांची चूर्णं, सगळं सांगा. आपल्या मनानं गोळी बंद करू नका. चाळिशी उलटली असेल किंवा घरात कुणाला स्तनाचा कर्करोग झाला असेल तर आधी मॅमोग्राफी करतात. काढलेला भाग तपासणीला पाठवतात, कारण क्वचित त्यात कर्करोग सापडतो. तो रिपोर्ट मागून घ्या, फाइलमध्ये ठेवा. पुढं कधीही मॅमोग्राफी केली तर हे ऑपरेशन झालंय हे सांगा.

डॉक्टर निवडताना पाटी बघू नका, पदवी बघा. प्लास्टिक सर्जरीतली एमसीएच किंवा डीएनबी आहे का, वैद्यकीय परिषदेकडं नोंद आहे का, हे विचारायला लाजायचं कारण नाही. ब्युटी क्लिनिकच्या सवलतीच्या जाहिरातीवर तर मुळीच जाऊ नका. मुंबईत केईएम, सायन, जेजे अशा सरकारी आणि पालिकेच्या रुग्णालयांत प्लास्टिक सर्जरी विभाग आहेत, तिथंही दाखवता येतं.

आता घरच्यांसाठी, कारण पुढचं ऑपरेशन घरच्यांनी करायचं असतं.

रक्त आणि पाणी वाहून जायला नळ्या ठेवल्या असतील तर त्या थोड्या दिवसांत काढतात. हलकं चालणं लगेच सुरू करायचं, नाहीतर पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका. झोपायचं पाठीवर. डॉक्टर सांगतील ती आधार देणारी ब्रा काही आठवडे दिवसरात्र घालायची, समोरून लागणारी असली तर सोपं पडतं. बसून करायचं काम एक-दोन आठवड्यांत जमू लागतं. पण जड उचलणं आणि हात डोक्यावर नेणं साधारण चार ते सहा आठवडे बंद.

जड म्हणजे काय? डॉक्टर किलोत सांगतात, मी आपल्या भाषेत सांगतो. भरलेला हंडा, भरलेला कुकर, सिलिंडर, कडेवरचं लेकरू. भाकरी थापणं, कणीक तिंबणं, धुणं पिळणं, माळ्यावरचा डबा काढणं, स्कूटी चालवणं हेही नाही. आमच्या रस्त्यांवर स्कूटी म्हणजे वेगळीच शिक्षा, पण त्यावर पुन्हा कधीतरी. ही सगळी कामं कोण करणार, हे ऑपरेशनची तारीख घेण्याआधी घरात बसून ठरवा, नावं घेऊन ठरवा. "बघू नंतर" म्हणालात तर ती कामं तिलाच करावी लागतात.

ताप, वाढती लाली, पू, एक बाजू अचानक फुगून घट्ट होणं, स्तनाग्र काळं-निळं पडणं, पोटरी दुखून सुजणं, धाप लागणं, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट न बघता फोन करा. सूज उतरून खरा आकार दिसायला सहा महिने ते वर्ष लागतं. पहिल्या आठवड्यात आरशात बघून रडू येणं अगदी साहजिक आहे.

पैशाचं बोलू. आरोग्य विम्यात सौंदर्यासाठीची प्लास्टिक सर्जरी वगळलेली असते. पण विमा नियामकानं ठरवून दिलेल्या त्याच कलमात अपवादही आहे. तब्येतीला थेट आणि तातडीचा धोका असेल, उपचार वैद्यकीयदृष्ट्या गरजेचा असेल आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरनं तसं प्रमाणित केलं असेल तर दावा मांडता येतो. मंजूर होईलच असं नाही. पण आमच्याकडं मांडायलाच काही नव्हतं. वीस वर्षांत एकाही केसपेपरवर तिच्या त्रासाचं खरं कारण लिहिलेलं नव्हतं, कारण तिनं ते कुणाला सांगितलंच नव्हतं. लाज वाटायची. म्हणून हाडांच्या डॉक्टरला, त्वचेच्या डॉक्टरला दाखवाल तेव्हा खरं कारण सांगा, ते लिहून घ्या, कागद जपा. विमा कंपनीकडून मंजुरी आधी मागा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपली केस बसते का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. आणि खर्चाचा अंदाज लेखी घ्या, भूल, तपासण्या आणि नंतरची ड्रेसिंगं धरून.

हे सगळं वाचून कुणी घाबरू नये. हे ऑपरेशन करून घेतलेल्या बहुतेक बायका नंतर समाधानी असतात, असं जगभरचे अभ्यास सांगतात. आमची ताईही त्यातलीच. दोन महिने जखमेनं छळलं तरी म्हणते, "दहा वर्षं आधी करायला हवं होतं." आता ती सकाळी फिरायला जाते. उन्हाळ्यात मलम लागत नाही. खांद्यावरच्या खाचा अजून आहेत, पण दुखत नाहीत.

गेल्या महिन्यात तिनं त्या शेजारच्या काकूंना स्वतःहून सगळं खरं सांगितलं. काकू जरा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "अगं, तेव्हाच सांगायचं ना. पाणी मी भरलं असतं."