विकतचं म्हणून काय झालं?

२०२३ ची दिवाळी आटोपली आणि मी जर्मनीला गेले. धाकटी बहीण ड्रेस्डेनला असते, तिचं दुसरं बाळंतपण होतं. आईचे गुडघे आता एवढा प्रवास करू देत नाहीत, म्हणून माझी रवानगी झाली. बॅगेत डिंक, अळीव, सुंठ आणि दोन डबे भरून लाडू. कपडे कमी आणि खाऊ जास्त, असं नवऱ्याने वजन करताना दोनदा ऐकवलं.

डिसेंबर लागला तशी बहीण म्हणाली, "ताई, तीन श्टोलन आणायचे आहेत. एक शेजारच्या आजींना, एक सुईणीला, एक आपल्याला." तिकडे बाळंतिणीला आणि बाळाला बघायला सुईण घरी येते, तिचे पैसे विम्यातूनच जातात. बाई फार प्रेमळ होती. तिला काहीतरी द्यायला हवंच होतं, त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नव्हतं. म्हणणं होतं ते किमतीबद्दल.

श्टोलन म्हणजे नाताळातला गोड पाव. केक नव्हे, पावच. यीस्ट घालून फुगवलेला, पण लोणी, बेदाणे, बदाम आणि संत्र्या-लिंबाच्या साखरेत मुरवलेल्या साली यांनी इतका गच्च भरलेला की कापताना सुरीला जोर लावावा लागतो. भाजून झाला की वरून पुन्हा लोणी आणि पिठीसाखरेचा जाड थर. दुपट्यात गुंडाळलेल्या बाळ येशूसारखा तो दिसतो असं म्हणतात. घरात खरंच दुपट्यात गुंडाळलेलं बाळ होतं, त्यामुळे मला ते लगेच पटलं.

तर चांगल्या बेकरीतला किलोभराचा श्टोलन वीस युरोच्या आसपास. म्हणजे आपले अठराशे रुपये! तीन घ्यायचे म्हणजे साडेपाच हजारांच्या घरात. मी म्हटलं, "अगं वेडी आहेस का? मैदा, लोणी आणि बेदाणे. मी घरी करते." बहीण हसली. "कर बाई," म्हणाली, "भट्टी रिकामीच आहे."

केला की मी! सामान आणलं, ते आठ-नऊ युरोचं झालं. दिवसभर मळलं, झाकलं, उघडून पाहिलं, पुन्हा झाकलं. पीठ काही फुगेना. मागून कळलं की आधी थोड्याच मैद्यात दूध आणि यीस्ट घालून ते चांगलं फसफसू द्यायचं असतं, लोणी आणि बेदाणे नंतर. मी सगळं एकदम घातलं, आणि ते ओझं बिचाऱ्या यीस्टला पेललं नाही. भाजल्यावर जे बाहेर आलं त्याला भाच्याने "मावशीची वीट" असं नाव ठेवलं. शिवाय नीट जमला असता तरी उपयोग नव्हता. श्टोलन भाजल्या दिवशी खायचा नसतो. दोन-तीन आठवडे थंड जागी मुरू द्यावा लागतो, तेव्हा बेदाण्यांचा ओलावा आणि लोणी पावात उतरतं. आपलं लोणचं जसं. डिसेंबरच्या दहा तारखेला सुरुवात करणारीने नाताळला श्टोलन वाढायची स्वप्नं बघू नयेत.

शेवटी बेकरीत गेलो. विकत घेताना मी प्रत्येक पाकीट उलटसुलट करून वाचत होते (बहीण भाषांतराला), आणि तिथे मला एक वेगळंच जग दिसलं.

ड्रेस्डेनच्या श्टोलनला २०१० पासून युरोपात भौगोलिक मानांकन आहे. आपल्या कोल्हापुरी गुळाला आहे तसं. ड्रेस्डेन आणि अगदी जवळपासच्या भागातल्या बेकरींनीच ते नाव लावायचं. त्यांचा एक संघ आहे, १९९१ मध्ये स्थापन झालेला, शंभराच्या आसपास बेकरी त्यात आहेत. नियम असे की एक किलो मैद्याला कमीत कमी अर्धा किलो लोणी, साडेसहाशे ग्रॅम बेदाणे, दोनशे ग्रॅम साली आणि दीडशे ग्रॅम बदाम पडलेच पाहिजेत. मार्गारिन चालणार नाही. आणि प्रत्येक पाकिटावर सोनेरी शिक्का, त्यावर नंबर. त्या नंबरावरून हा श्टोलन कुणाच्या भट्टीत भाजला ते शोधता येतं.

त्याच गल्लीतल्या सुपरमार्केटात चार-पाच युरोलाही श्टोलन होता. तोही वाचला. नुसतं "श्टोलन" लिहिलं असेल तर लोण्याऐवजी मार्गारिन असू शकतं. "बटर श्टोलन" म्हणायचं तर शंभर भाग मैद्याला निदान चाळीस भाग लोणी लागतं. म्हणजे फसवणूक नाही, जे आहे ते लिहिलेलं आहे, वाचणाऱ्याने वाचावं. इटलीतही मिलानच्या पानेत्तोनेसाठी २००५ साली सरकारने असेच नियम केले. किमान सोळा टक्के लोणी आणि वीस टक्के बेदाणे व साली नसतील तर त्याला पानेत्तोने म्हणता येत नाही. आपल्याकडे "शुद्ध तुपातली" अशी पाटी लावून कायकाय खपतं ते आठवून मी जरा गप्पच झाले.

लोण्याची गंमत पुढे आहे. बी. ए. ला इतिहास होता माझा, त्यामुळे असलं काही ऐकलं की मी तिथेच रेंगाळते. नाताळाच्या आधीचे आठवडे पूर्वी ख्रिस्ती लोकांच्या उपासाचे असत, त्यात लोणी वर्ज्य. मग श्टोलन म्हणजे मैदा, यीस्ट, पाणी आणि तेल. काय लागणार ते! सॅक्सनीच्या राज्यकर्त्यांनी पोपकडे अर्ज केला की आम्हाला लोणी वापरू द्या. परवानगी मिळाली ती १४९१ मध्ये. उपासाला काय चालतं आणि काय चालत नाही याचे वाद आपल्याच घरात होतात असं मला वाटत होतं. (अंडं मात्र बहुतेक जुन्या कृतींमध्ये नसतं, हे शाकाहारी मैत्रिणींसाठी सांगते. बेदाणे पुष्कळदा रममध्ये भिजवलेले असतात, हेही सांगते. माझ्या सासूबाईंना मी पहिलंच तेवढं सांगितलं.)

पण मला सांगायचं आहे ते शेजारच्या आजींबद्दल. ऐंशीच्या पुढच्या. श्टोलन द्यायला गेले तर त्यांनी आम्हाला बसवूनच घेतलं. मी आपली ओशाळून बहिणीला म्हटलं, "सांग त्यांना, घरी करायचा होता, जमला नाही म्हणून विकतचा आणलाय." आजींना त्यात ओशाळण्यासारखं काय ते कळेचना. म्हणाल्या, "घरी? श्टोलन बेकरीतच भाजतात. आम्ही सामान घेऊन जायचो."

मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या तरुणपणी मैदा, लोणी, बेदाणे असं घरचं सामान घेऊन बायका बेकरीत जात. पीठ मळायचं, भाजायचं बेकरीवाल्याने, मजुरी घेऊन. सगळ्यांचे श्टोलन एकाच भट्टीत, मग ओळखायचे कसे? तर प्रत्येक घराची नाव कोरलेली पत्र्याची छोटी पट्टी असे, ती पिठात खोचायची. आजींनी कपाटातून काढून ती दाखवली. काळवंडलेली, त्यांच्या सासरचं नाव असलेली. पूर्व जर्मनीचं राज्य होतं तेव्हा बदाम-बेदाणे मिळायची मारामार. पश्चिमेकडचे नातेवाईक पार्सलातून पाठवत, आणि नाताळात त्यांना उलट टपालाने श्टोलन जाई. लिंबाच्या सालीऐवजी हिरव्या टोमॅटोच्या साखरेत मुरवलेल्या फोडीसुद्धा घातल्यात, म्हणाल्या.

त्या बोलत होत्या आणि मला डोळ्यांपुढे आमच्या गावची बेकरी दिसत होती. मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कितीजणी दिवाळीआधी नानकटाई भाजून आणायला बेकरीत गेल्या आहात? रवा, मैदा, डालडा, पिठीसाखर डब्यात घेऊन जायचं. तिथल्याच पत्र्याच्या ट्रेमध्ये गोळे मांडायचे, आणि ट्रेवर नावाची चिठ्ठी. रांगेत बसून वाट पाहायची. एका वर्षी आमच्या ट्रेची चिठ्ठी जळाली आणि आईला दुसऱ्याच कुणाची फिकट नानकटाई मिळाली. ती वर्षभर बोलत होती त्यावर. पण त्या नानकटाईला "विकतची" असं कुणी म्हणायचं नाही. मजुरी दिली तरी ती घरचीच.

मग हे "घरचं" आणि "विकतचं" आपण नक्की कशावरून ठरवतो?

आता एक गोष्ट सांगते, जी मी घरात कुणाला कधी सांगितली नाही. लग्नानंतरची दुसरी दिवाळी. माझ्या चकल्या तेलात विरघळल्या. दोनदा. सासूबाई देवळात गेलेल्या. मी मागच्या दाराने गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या काकूंकडे गेले. नवरा गेल्यापासून त्या फराळाच्या ऑर्डरी घेत. किलोभर चकली आणली आणि आमच्या डब्यात ओतली, पिशवी चुलीत घातली. भाऊबिजेनंतर काकू आमच्याकडे फराळाला आल्या. सासूबाईंनी ताटली पुढे केली आणि कौतुकाने म्हणाल्या, "खाऊन बघा हो, आमच्या सुनेने केलीय." काकूंनी एक चकली उचलली, खाल्ली. "छान खुसखुशीत झालीय," म्हणाल्या. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पुढे पंधरा वर्षं त्या गल्लीत होत्या, पण हा विषय आमच्यात कधी निघाला नाही. आता त्या नाहीत.

आजींच्या घरात ती पत्र्याची पट्टी हातात घेतली तेव्हा मला काकूच आठवल्या.

मला कुणी विचारलं की नाताळात हा श्टोलन विकत घेण्यालायक आहे का, तर मी म्हणेन, आहे. ज्याने भाजला त्याचं नाव त्यावर असेल आणि आत काय आहे ते सांगितलेलं असेल तर वीस युरोही जास्त नाहीत. माझं सामान आठ-नऊ युरोचं झालं होतं, अख्खा दिवस धरलाच नव्हता मी. आणि हाती काय आलं? वीट! दिखाऊ डब्यातला, रिबिनी लावलेला, आत पामतेल असलेला मात्र मुळीच घेऊ नये. आपल्याकडेही मोठ्या शहरांच्या मॉलमध्ये हल्ली इटलीहून आलेले पानेत्तोनेचे डबे मिळतात. घ्यायचेच असतील तर डब्याची मागची बाजू वाचून घ्या, आणि किती दिवस झालेत तेही बघा. नाही तर गावातल्या बेकरीवाल्याचा ताजा केक बरा.

गेली बारा-तेरा वर्षं मी आमच्या गावात बचत गटाच्या बायकांबरोबर काम करते. दिवाळीत त्यांची चकली साडेचारशे रुपये किलोने जाते. गिऱ्हाईक बहुतेक आमच्यासारख्याच घरच्या. आणि दर वर्षी तेच वाक्य, "अहो, घरी केली तर दोनशेत होते!" होते ना. भाजणी दळून आणणं, मळणं, पाडणं, तेलापुढे चार तास उभं राहणं, हे फुकट धरलं की होतेच. ते फुकट धरायची सवय आपल्याला आपल्याच घरात लागलेली असते, म्हणून दुसरीचंही आपण तसंच धरतो. हीच बाई मिठाईच्या दुकानात काउंटरवर लिहिलेली किंमत निमूट देते. तिथे "घरी केली तर" असं म्हणत नाही. मी स्वतः त्या बेकरीत वीस युरो मोजले, घासाघीस करायचं डोक्यातही आलं नाही. काकूंशी मात्र त्या दिवशी, चोरून चकली नेतानासुद्धा, मी पाच रुपये कमी करून घेतले होते.

२०२४ च्या दिवाळीत गटाच्या बैठकीत मी म्हटलं, या वेळी पाकिटावर करणारीचं नाव घालू. कुणाची भाजणी, कुठलं तेल, कधी तळली, सगळं. बाराजणी होत्या. अकराजणी लगेच तयार झाल्या, दोघींनी तर फोटो टाकता येईल का असं विचारलं. एक मात्र नाही म्हणाली. "ताई, पाहुणे बघतील. म्हणतील, यांच्या घरात काही कमी पडतंय का? ह्यांना ते चालायचं नाही." मी खूप समजावलं. ऐकलं नाही. मग तिच्या पाकिटांवर नुसता गटाचा शिक्का मारला.

यंदा पुन्हा विचारणार आहे तिला. बहिणीकडून श्टोलन आला आहे, बैठकीला तोच नेईन म्हणते. ड्रेस्डेनच्या आजींनी सांगितलंय, कडेने कापायचा नाही. मधोमध कापून तिथून फोडी काढायच्या आणि उरलेले दोन तुकडे एकमेकांना चिकटवून ठेवायचे, म्हणजे सुकत नाही.