मांडव, बांबू आणि हॉलंडचा वारा



मांडव म्हटला की कोकणात वाढलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांना बांबू आणि काथ्या आठवतो. येथे नेदरलंड्समध्ये सुक्कोथला ‘लोफहुटेनफेस्ट’, म्हणजे पर्णकुट्यांचा सण, म्हणतात. परंतु तो येतो सप्टेंबर-ऑक्टोबरात, सागरी वाऱ्यापावसाच्या दिवसांत. नेहमीच्या वाऱ्यात जी टिकत नाही ती सुक्काची भिंतच नव्हे, असे आपले धर्मशास्त्र सांगते. म्हणून बांबूचा स्वभाव ओळखूनच मांडव उभारावा, असे आम्हांस वाटते.

बांबू पोकळ व हलका. त्याचे बळ उभ्या तंतूंत आणि पेरांत असते. खिळा ठोकला की तो उभा चिरतो. म्हणून सांधा दोरीने व पेराजवळ बांधावा. चार बांबूंचा चौकोन वाऱ्याने कलतो. त्यात एक तिरका बांबू बांधून त्रिकोण केले की तो ताठ राहतो. भूमितीचा हा धडा मुलांना फळ्यापेक्षा येथे लवकर उमगतो. खांब ओल्या मातीत न पुरता फरशीवर टेकवून बुडाशी वजन बांधावे. वरचे टोक पेराला लागून कापावे, म्हणजे पोकळीत पाणी साचत नाही.

छतावर तोडलेला पाला किंवा बांबूच हवा. प्लास्टिकचे छप्पर पाऊस अडवील, पण सुक्का बाद करील. पावसाने जेवण बिघडू लागल्यास घरात जाण्याची मोकळीक मिश्नानेच दिली आहे.

सण संपताच बांबू सुकवून आडोशाला ठेवावेत. विकतचा तयार मांडव सोपा खरा. परंतु गाठ मारण्याची विद्या त्याबरोबर मिळत नाही. ती मुलांना आपणच द्यावयाची आहे.